सनदेची शाळा

'सनद' हा शब्द आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींना नवीन नाही. वतनाची सनद, इनामाची सनद, वकिलीची सनद असे त्याचे नाना प्रकार आपण ऐकत आलो आहोत. देणाऱ्याने काय दिले आणि त्याच्या मोबदल्यात घेणाऱ्याने काय करावयाचे, हे ज्यात लिहून ठेवलेले असते तो कागद म्हणजे सनद. ईस्ट इंडिया कंपनीचा येथील कारभारदेखील ब्रिटिश पार्लमेंटच्या सनदेवर चालत असे; आणि १८१३ साली ती सनद वाढवून देताना हिंदुस्थानातील विद्येच्या कामी दरसाल निदान एक लाख रुपये खर्चावेत, असे एक कलम तीत घालण्यात आले. शाळा आणि सनद यांची गाठ येणेप्रमाणे आपल्याकडे जुनीच आहे.

अमेरिकेत गेल्या सुमारे पस्तीस वर्षांत याच शब्दावर एक नवा शाळाप्रकार उभा राहिला आहे. त्यास तेथे 'चार्टर स्कूल' म्हणतात; आपण 'सनदी शाळा' म्हणू. पैसा सरकारचा, कारभार मूठभर लोकांनी स्थापिलेल्या मंडळाचा, आणि दोघांच्यामध्ये ठरावीक मुदतीचा लेखी करार, असे तिचे थोडक्यात स्वरूप. या शाळांचा इतिहास मी येथे मांडतो तो केवळ परदेशाची नवलाई म्हणून नव्हे. 'समाजाची स्वतःची शाळा असावी, तीत समाजाचे संस्कार असावेत आणि सरकारचे अनुदानही मिळावे', असा विषय आपल्यासारख्या मंडळांच्या वार्षिक सभांतून वरचेवर निघतो. पैसा सर्वांचा, हेतू काहींचा, तर मग दार कोणासाठी उघडे ठेवावयाचे? अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात या प्रश्नाचा कीस विधिमंडळात, न्यायालयात आणि हिशेबाच्या वह्यांतही काढला गेला आहे. म्हणून त्या एका राज्याकडेच मी मुख्यतः पाहणार आहे.

या कल्पनेचा जनक रे बडी नावाचा एक शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक. प्रथम शाळाशिक्षक, मग मुख्याध्यापक, आणि पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अध्यापक, असा त्याचा प्रवास. १९७४ साली त्याने एक निबंध सादर केला. स्कूल बोर्डाने आपल्या शिक्षकांच्या एखाद्या गटाला तीन ते पाच वर्षांची सनद द्यावी, त्या मुदतीत अभ्यासक्रम व अध्यापनाची मोकळीक द्यावी, आणि मुदत संपताच हिशेब मागावा, असा त्याचा आशय होता. दर्यावर्दी हेन्री हडसन यास कंपनीने दिलेल्या सनदेचा दाखला त्याने घेतला होता: जहाज तुझ्या हाती, परंतु कोठे जावयाचे आणि परत येऊन काय सांगावयाचे हे कागदावर ठरलेले. निबंधाकडे कोणी लक्ष दिले नाही. बडीने तो बासनात गुंडाळला आणि चौदा वर्षांनी, १९८८ साली, पुस्तकरूपाने छापला.

त्याच वर्षी ही कल्पना एका बलाढ्य माणसाच्या हाती पडली. त्याचे नाव आल्बर्ट शँकर. नाव आपल्या कानाला घरचे वाटते, परंतु गृहस्थ न्यूयॉर्कमधील ज्यू. पोलंडकडून आलेल्या निर्वासित आईबापांचा मुलगा. शाळेत पाऊल टाकले तेव्हा त्याच्या तोंडी घरची यिडिश भाषाच होती. पुढे तो गणिताचा शिक्षक झाला, शिक्षकांच्या चळवळीत शिरला, संपांपायी तुरुंगही भोगून आला, आणि १९७४ पासून मरेपर्यंत 'अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स' या महासंघाचा अध्यक्ष राहिला. असा संपवाला पुढारी नव्या शाळांची कल्पना मांडतो, हे आपल्याकडील पुष्कळांना विचित्र वाटेल. मला मात्र त्यात काही विचित्र दिसत नाही. ज्याने वर्गात खडू झिजविला आहे, त्यालाच शाळेचा कंटाळवाणा सांगाडा अधिक टोचतो.

शँकरने जर्मनीतील कोलोन शहरी होल्वायडे येथील एक शाळा पाहिली होती. तीत तुर्की व मोरोक्कन कामगारांची मुले जर्मन मुलांबरोबर शिकत. सहा-आठ शिक्षकांचा एकेक गट असे आणि तोच गट त्याच मुलांना पाचवीपासून दहावीपर्यंत सोबत घेऊन जाई. कोणता तास केव्हा, कोणत्या मुलाने कोणाशेजारी बसावे, हे ठरविणारे ते शिक्षकच. 'यंदाचा वर्ग कच्चा आला, गेल्या वर्षीच्या मास्तरांनी काही शिकविले नाही' अशी तक्रार करण्यास तेथे जागाच नव्हती. कारण गेल्या वर्षीचे मास्तर म्हणजे आपणच! ३१ मार्च १९८८ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमधील भाषणात शँकरने सुचविले, की सहा-सात किंवा बारा शिक्षकांच्या गटाला पालकांच्या संमतीने अशा नव्या शाळा काढू द्याव्यात. त्याची एक अट फार मोलाची होती. निवडक हुशार मुले घेऊन शाळा नावारूपास आणण्याची मुभा त्यात नव्हती. सर्व थरांतील मुले घेतलीच पाहिजेत. पुढे जुलै महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील आपल्या सदरात त्याने अशा शाळांना बडीचा 'चार्टर' हा शब्द वापरला, आणि चौदा वर्षे अडगळीत पडलेल्या एका निबंधाला एकाएकी देशभर वाचक मिळाले.

मिनेसोटात ही ठिणगी कशी पडली ते पाहण्यासारखे आहे. १९८८ च्या ऑक्टोबरात तेथील एका परिसंवादास शँकर गेला असता श्रोत्यांत एंबर रायकगॉट नावाच्या राज्य सिनेटच्या सभासद बसल्या होत्या. त्यांनी कल्पना मनावर घेतली. 'सिटिझन्स लीग' या नागरी संस्थेनेही त्याच वर्षअखेरीस तिच्या बाजूने अहवाल काढला. दोन वर्षे विधेयक रखडले. विरोध कोणाचा? स्कूल बोर्डांचा होता, तसाच शिक्षकसंघांचाही. म्हणजे ज्या महासंघाच्या अध्यक्षाने कल्पना सुचविली, त्याचीच राज्यशाखा तिच्या आड उभी राहिली. सार्वजनिक कार्यात वावरलेल्यांना या प्रकाराचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. शेवटी १९९१ साली कायदा झाला तो पुष्कळ छाटून: साऱ्या राज्यात मिळून आठच शाळा, त्याही स्थानिक स्कूल बोर्डाने मान्यता दिली तर, शिक्षक परवानाधारकच हवेत, आणि शाळेच्या कार्यकारी मंडळात त्या शाळेत शिकविणाऱ्या शिक्षकांचे बहुमत हवे. रायकगॉटबाईंना ही तडजोड पसंत नव्हती. त्यांनी २०१२ साली या लढ्याचा इतिहास लिहिला, त्याच्या नावाचा अर्थच 'मंजुरीची शक्यता शून्य' असा आहे.

या कायद्याखालील, आणि म्हणून साऱ्या अमेरिकेतील, पहिली सनदी शाळा १९९२ च्या सप्टेंबरात सेंट पॉल शहरात उघडली. नाव 'सिटी अकॅडमी'. दोघा शिक्षकांनी ती काढली. इमारत म्हणजे शहराच्या पूर्वभागातील नगरपालिकेचे एक करमणूक केंद्र. विद्यार्थी पस्तिसाच्या आसपास, आणि सगळे शाळा सोडलेले किंवा शाळेने सोडलेले. ज्या मुलांना घेण्यास कोणी शाळा उत्सुक नसते, तीच मुले या शाळेने आपला हेतू म्हणून कागदावर लिहून घेतली. आमच्या वेळी निकालाची टक्केवारी राखण्यासाठी कच्च्या मुलांना परीक्षेच्या फॉर्मापासून परस्पर दूर ठेवण्याची रीत कित्येक शाळांत होती. ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या आरंभाची थोरवी निराळी सांगावयास नको.

आता सनदेत असते काय, ते सांगतो. शाळेचा हेतू कोणता, कोणत्या वयाची मुले, काय शिकविणार, प्रगती कशी मोजणार, पैशाची व्यवस्था कशी, मंडळावर कोण, हे सर्व तीत लिहावे लागते. सनद काही वर्षांची असते. मुदतीअखेर देखरेख करणारी संस्था तपासणी करते. वचन पाळले असेल तर सनद वाढते, नसेल तर शाळा बंद होते. फी घेता येत नाही. प्रवेशपरीक्षा घेता येत नाही. धर्मशिक्षण देता येत नाही. आणि जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर चिठ्ठ्या टाकून मुले निवडावी लागतात. त्यातून शाळेत आधीच असलेल्या मुलांच्या भावंडांना वगैरे थोडी सवलत मिळते, एवढेच.

वरवर पाहता आपल्याकडील अनुदानित शाळा याहून फारशी निराळी वाटणार नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून खासगी संस्थांना सरकारी ग्रँट देण्याची पद्धत येथे रूढ झाली. तपासणीची अटही तेव्हापासूनचीच. फरक आहे तो दोन ठिकाणी. त्या खलित्याने फी घेणे उलट इष्ट मानले होते. आणि आपल्या ग्रँटीच्या अटी बहुतांशी खोल्या, हजेरीपट, शिक्षकांची पात्रता यांविषयीच्या असतात. 'तुम्ही ही शाळा कशासाठी काढली?' हा प्रश्न तपासनीस सहसा विचारीत नाही. संस्थेच्या घटनेत पहिल्या पानावर उदात्त ध्येये छापलेली असतात आणि ती तेथेच राहतात. सनदी शाळेत तो पहिल्या पानाचा मजकूर कराराचे कलम ठरतो. निदान कायद्याचा हेतू तसा आहे. प्रत्यक्षात तेथेही गोड वाक्ये लिहून भिंतीवर टांगणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत.

हेतू लिहिण्याची मोकळीक मिळताच मिनेसोटात एक गोष्ट घडली. एकेका समाजाने आपापल्या शाळा काढल्या. लाओसच्या डोंगरातील ह्मोंग लोक हे त्याचे ठळक उदाहरण. लाओसमधील छुप्या युद्धात ते अमेरिकेच्या बाजूने लढले आणि १९७५ साली बाजू हरल्यावर मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आले. तेथून हजारो कुटुंबे सेंट पॉलला पोचली. ज्या भाषेला रोमन लिपीतील प्रचलित लेखनपद्धती १९५० नंतरच मिळाली, ती बोलणारी ही मंडळी. मुले इंग्रजी शाळेत गेली ती घरी आल्यावर आजीशी बोलेनाशी झाली. सेंट पॉलमध्ये २००० सालाच्या सुमारास ह्मोंग मुलांवर लक्ष ठेवून सनदी शाळा निघू लागल्या. त्यांत ह्मोंग भाषा, रीतिरिवाज, कापडावर सुईने आपली पलायनकथा विणण्याची कला, आणि त्याबरोबर राज्याचा नेहमीचा अभ्यासक्रम. सोमाली लोकांनीही पुढे अशाच शाळा काढल्या. दार कायद्याने सर्वांना उघडे. परंतु येणारी मुले बहुतेक त्याच समाजाची.

मला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी शाळा मात्र मिनिआपोलिसची 'हार्ट ऑफ दि अर्थ', म्हणजे 'धरित्रीचे हृदय'. ती तेथील मूळ रहिवाशांची, ज्यांना आपण रेड इंडियन म्हणत आलो त्यांची. या लोकांच्या मनात शाळेविषयी जी धास्ती आहे तिला कारण आहे. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे सरकारी आश्रयाने वसतिशाळा निघाली आणि तिच्या धर्तीवर पुढे शेकडो. मुलांना आईबापांपासून शेकडो मैल दूर नेत, केस कापीत, नावे बदलीत, आणि मातृभाषेचा शब्द उच्चारला तर शिक्षा करीत. मुलाला शिकवून शहाणे करावयाचे म्हणजे त्याच्यातील जमात पुसून टाकावयाची, असे ते तत्त्व होते.

१९६८ साली मिनिआपोलिसमध्ये 'अमेरिकन इंडियन मूव्हमेंट' ही चळवळ उभी राहिली. शाळेत हेटाळणी होते म्हणून मुले शाळा बुडवीत, आणि शाळा बुडविली म्हणून सरकारी खाते ती मुले आईबापांकडून काढून घेण्याची धमकी देई. या कात्रीत सापडलेल्या पालकांसाठी चळवळीने १९७२ च्या जानेवारीत स्वतःची शाळा काढली. तिला त्यांनी 'सर्व्हायव्हल स्कूल' म्हटले: तगून राहण्याची शाळा. ओजिब्वे व डकोटा भाषा, ढोल, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला इतिहास आणि त्यासोबत वाचन, गणित. सरकारी आधार कधी मिळे, कधी तुटे, शाळा तगली. सत्तावीस वर्षांनी, १९९९ साली, तिने सनद घेतली आणि ती सार्वजनिक शाळा झाली. आता दरडोई सरकारी पैसा नियमित येऊ लागला.

आणि त्या पैशानेच घात केला. २००८ साली हिशेब तपासताना उघड झाले, की शाळेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने गेल्या काही वर्षांत तेरा लाख डॉलरांहून अधिक रक्कम गिळंकृत केली आहे. त्याच वर्षी शाळा बंद झाली. पुढे २०१० साली त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. दारिद्र्य, सरकारी उपेक्षा, अनुदानाचा लहरीपणा हे सारे पचवून छत्तीस वर्षे चाललेली शाळा आपल्याच माणसाच्या हाताने गेली. मंडळावर जे बसले होते त्यांनी वेळीच वह्या का उघडल्या नाहीत? आपल्याकडील संस्थांचा अनुभव ज्यास आहे, तो याचे उत्तर सहज देईल. आपला माणूस, समाजाचे काम, त्याच्यापाशी पावती मागावयाची कशी? संकोच नावाचा हा रोग कोणत्याही एका देशाचा नाही. त्याच मुलखातील दुसऱ्या एका समाजाच्या सनदी शाळेने २०१९ साली पन्नास लाख डॉलर एका जोखमीच्या गुंतवणूक निधीत घातले, कायद्याने तसे करता येत नसताना. त्यातले चाळीस लाखांहून अधिक बुडाले. तेथे चोरी नव्हती. इमारत वाढवावी, पैसा लवकर वाढावा, एवढीच घाई. परंतु तो पैसा मुलांच्या पाटीचा होता.

धर्माचा प्रश्न याहून निराळा. मिनेसोटात बहुतांश मुसलमान निर्वासितांची मुले असलेली 'तारिक इब्न झियाद अकॅडमी' नावाची सनदी शाळा होती. मुले अभ्यासात चांगली चमकत. परंतु सार्वजनिक पैशातून धर्माचरणास उत्तेजन मिळते, असा आक्षेप घेऊन नागरी स्वातंत्र्यसंघाने २००९ साली दावा लावला. त्याच सुमारास देखरेखीचा कायदा कडक झाला, नव्या नियमात बसणारी देखरेख संस्था शाळेस मिळाली नाही आणि २०११ साली ती बंद झाली. पुढे ओक्लाहोमा राज्यात कॅथॉलिक धर्मप्रांतांनी उघडपणेच धार्मिक सनदी शाळा काढू पाहिली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली ती घटनाबाह्य ठरविली. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मते पडली, म्हणून राज्याचा निकाल तसाच राहिला. प्रश्न मात्र संपला असे तेथील कोणी मानीत नाही.

समाजाच्या शाळांवर सर्वांत गंभीर आक्षेप आहे तो फुटून बसण्याचा. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे म्हणजेच विषमता, असा निकाल दिला. त्या निकालासाठी एका पिढीने रक्त आटविले. आणि आता पालक आपखुषीने मुलांना एका वंशाच्या शाळेत घालतात, त्याला काय म्हणावे? १९०९ पासून काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या 'एन.ए.ए.सी.पी.' या संस्थेने २०१६ साली नव्या सनदी शाळांना तूर्त विराम द्यावा, अशी मागणी केली. मिनेसोटात २०१५ साली काही पालकांनी राज्यावर दावा लावला, की मिनिआपोलिस व सेंट पॉलच्या शाळा वंशवार विभागल्या गेल्या आहेत. त्यात काही सनदी शाळांनी उभे राहून उलट बाजू मांडली: आम्हांला कोणी कोंडलेले नाही, आम्ही निवडून आलो आहोत. २०२३ च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शाळेत वंशांचे प्रमाण विषम आहे एवढ्यावरून घटनाभंग ठरत नाही. त्या विषमतेमुळे मुलांचे शिक्षण अपुरे पडते, हे दाखवावे लागेल. दोन्ही बाजूंत सत्याचा अंश आहे. कार्लाइलच्या वसतिशाळेची आठवण असलेल्या आजीला 'सर्वांत मिसळ' हा उपदेश करणे सोपे नाही.

आपल्या इतिहासात या पेचाचे एक उदाहरण असे आहे, की ते ज्ञातिसंस्थेच्या प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानी घ्यावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा अनेक समाजांची वसतिगृहे दरबारच्या जागेवर व मदतीवर उभी राहिली. खेड्यातील मुलाला शहरात प्रथमच पाठ टेकण्यास जागा मिळाली. त्यांपैकी जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास तो गेला आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याचे त्याने नाकारले; तेव्हा त्याला बोर्डिंग सोडावे लागले. ज्ञातीच्या वसतिगृहाने त्याला आसरा दिला, आणि ज्ञातीच्याच वसतिगृहाने दारही दाखविले. त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह सुरू केले, की ज्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. कोल्हापूरची बोर्डिंगे निघाली नसती तर शिकलेले भाऊराव आपणांस कदाचित मिळालेच नसते. आणि ती बोर्डिंगे त्यांना पुरेशी वाटली असती तर रयत संस्था मिळाली नसती. अलीकडे, २००७ नंतर, आकांक्षा प्रतिष्ठानासारख्या संस्था पुणे व मुंबई महापालिकांच्या काही शाळा कराराने चालवीत आल्या आहेत. तो प्रयोग अमेरिकन सनदी शाळेच्या जवळचा आहे, आणि त्यात मुले येतात ती वस्तीतली, जातीतली नव्हेत.

सनदी शाळांनी मुलांचा अभ्यास सुधारला काय, असा प्रश्न वाचक विचारतील. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका केंद्राने २००९ साली सोळा ठिकाणची पाहणी केली, तेव्हा गणितात शेकडा १७ सनदी शाळा शेजारच्या शाळांहून सरस, शेकडा ३७ निकृष्ट आणि उरलेल्या बरोबरीच्या आढळल्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत सनदी शाळांतील मुले सरासरीने किंचित पुढे होती. २०२१ साली अशा शाळांत सुमारे सदतीस लाख मुले होती, म्हणजे सार्वजनिक शाळांतील शंभरांमागे सात. आकडे एवढेच सांगतात, की सनदेचा कागद स्वतः कोणास शिकवीत नाही.

शँकरचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. मिनेसोटाचा कायदा होऊन दोन-तीन वर्षे उलटतात न उलटतात तोच तो या शाळांचा टीकाकार बनला. कंपन्या नफ्यासाठी शाळा चालवावयास सरसावल्या होत्या, शिक्षकसंघांना बगल देण्याचा मार्ग म्हणून काही राजकारणी सनदेकडे पाहत होते, आणि सर्व थरांतील मुले एकत्र आणण्याची त्याची अट बहुतेक राज्यांच्या कायद्यांत उतरलीच नव्हती. १९९७ साली तो वारला. रे बडी २००५ पर्यंत जगला.

मिनेसोटात २००८ च्या अफरातफरीनंतर, २००९ साली, कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. देखरेख करणाऱ्या संस्थांना राज्याची मंजुरी घ्यावी लागू लागली. हिशेबाचे नियम आवळले गेले. मंडळाच्या सभासदांना आर्थिक कारभाराचे शिक्षण सक्तीचे झाले. हे सर्व योग्यच झाले. त्याच दुरुस्तीत कार्यकारी मंडळावर शिक्षकांचे बहुमत असलेच पाहिजे, ही १९९१ ची अटही सैल करण्यात आली. आता पालक किंवा बाहेरील नागरिक यांचेही बहुमत चालते. होल्वायडेच्या शाळेत जे सहा-आठ शिक्षक एका टेबलाभोवती बसून आपल्याच मुलांचे वेळापत्रक ठरवीत, आणि जे पाहून शँकरला हे सर्व सुचले, त्यांच्यासाठी राखलेली जागा कायद्याच्या पुस्तकातून फारशी चर्चा न होता निघून गेली. आमच्या मंडळांच्या घटनांतही शिक्षक-प्रतिनिधी बहुधा एकच असतो, आणि तो सभेत शेवटच्या खुर्चीवर बसतो.